लांबून दिसलेला झीरो

२ फेब्रु., सोम.

आजपासून यंत्र माझ्या एकटीच्या ताब्यात. साहेबांनी रजिस्टरवर सही घेतली. म्हणाले, "वैशाली, तान्हं पोर सांभाळल्यासारखं सांभाळ." जिथं जिथं आपल्या कंपनीची गॅसची लाइन टाकलीय, तिथं गल्लीगल्लीतनं चालायचं, लेसर मारायचा, गळती आहे का बघायचं. सोबत इरफानभाई. गाडी चालवायला आणि भोवती जमणारी पोरंटोरं हटवायला.

घरी आले तर खाली लाइट गेली म्हणून यंत्रमाग थांबलेले. त्यामुळं घरमालकीण लक्ष्मीअक्का निवांत. यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. बॅटरीएवढं तर आहे. मी सांगितलं, हिरवा ठिपका नुसता नेम धरायला. खरा लेसर डोळ्याला दिसत नाही. मिथेन वायू नेमका त्या लेसरचा रंग गिळतो. भिंतीवर आपटून परत येणारा उजेड जितका कमी, तितका गॅस जास्त. पडद्यावर आकडा येतो. रस्त्याच्या पलीकडनं कळतं, बंद खिडकीच्या काचेतनंसुद्धा.

"मग माजं सिलिंडर बग अम्मा. कालपासून वास येतोय."

मारला. झीरो. मग सांगावं लागलं की सिलिंडरातला गॅस वेगळा, याला तो दिसतच नाही. साबणाचा फेस लावला तर रेग्युलेटरपाशी हे एवढे बुडबुडे! अक्का हसून हसून खाली बसल्या. "येवढं महाग यंत्र, आनि काम केलं साबणानं." रेग्युलेटर बदलून आणला. पोळ्या उशिरा झाल्या.

५ फेब्रु., गुरु.

पहिली गळती!! शाळेच्या कुंपणाला लागून व्हॉल्व्हची पेटी. मी रस्त्याच्या अलीकडं रसवंतीच्या सावलीत उभी, आणि आकडा चढतच गेला. पथक आलं, खोदलं, जोड ढिला निघाला. साहेबांचा फोन, "गुड." एवढंच. पण त्यांचं 'गुड' म्हणजे खूप.

गावी मंद्रूपला आबांना फोन केला. "लांबनं दिसतं म्हंतीस तर आपली तांबडी मेंढी कुटं गेली ती बी बघ की. कालधरनं न्हाय."

ऊन आत्ताच भाजायला लागलंय. टोपी घ्यायची आहे.

१० फेब्रु., मंगळ.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

त्या बोळात आपली लाइन नाहीच. इरफानभाईनं गाडी वळवायला आत घातली. यंत्र चालूच राहिलं होतं, मी सहज खिडकीतनं पुढं धरलं, आकडा भलताच. समोर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण काढून काही माणसं उभी. एकाच्या कमरेला दोर, तोंडात बिडी, पाय आत सोडण्याच्या बेतात. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इरफानभाई नंतर म्हणाला, "मॅडम, पूरी गल्ली उठ के बैठ गई ना."

ठेकेदाराचा मुकादम नागेश. तावातावानं आला. "तुमी गॅसवाल्या न्हवं? तुमची लाइन हितं न्हाय. तुमी कशाला मदी?"

मी आकडा दाखवला. घाण कुजून होणारा वायूही मिथेनच. बिडीच्या ठिणगीला पेट घेतो. हे ऐकून दोरवाल्या माणसानं बिडी दूर नेऊन पायाखाली रगडली. सिद्राम नाव त्याचं. चाळिशीचा असेल. मुकादमाकडं बघून म्हणाला, "थांबू की जरा. कुटं पळून चाललंय गटार?"

पुढची-मागची झाकणं उघडून ठेवली. दुपारी मी मुद्दाम परत गेले. आकडा जवळजवळ गेलेला. मग सिद्राम उतरला. तो वर येईपर्यंत मी तिथंच. बादल्या बादल्या गाळ वर येत होता. शेवटी तो आला, नळावर हातपाय धुतले, म्हणाला, "ताई, च्या घेनार का?" घेतला.

माणसानं आत उतरायलाच बंदी आहे. मला माहीत आहे, मुकादमाला माहीत आहे, चहावाल्यालाही असेल. कुणी बोललं नाही. मीही नाही.

साहेब म्हणाले, रिपोर्टात 'इतर स्रोत' लिही आणि पुढं चल. लिहिलं.

पण आज फार बरं वाटतंय. उगाच लपवू कशाला.

१३ फेब्रु., शुक्र.

मुकादमाचा फोन. "ताई, कामावर जाता जाता एक नजर टाकून जाता का? लांबनंच हो." गेले. थोडा गॅस होता, झाकणं उघडून थांबले, मग उतरले. आता मला 'लायटीवाली ताई' म्हणतात.

सिद्रामच्या बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली. महादेवी नाव. दुधनीकडची, घरात कानडी. मी तिला अजून पाहिलेलं नाही. अक्कांनी अर्धी चटणी संपवली.

आबांची मेंढी सापडली. शेजारच्या कळपात मिसळली होती.

१७ फेब्रु., मंगळ.

बाजारामागचं चेंबर. आतल्या भिंतीवर नीट नेम धरून मारला. परत मारला. झीरो. मुकादमाकडं बघून मी अंगठा वर केला.

सिद्राम उतरला. थोड्याच वेळात दोर वेडावाकडा हलला. ओढून वर घेतला तर डोळे लालभडक, पाय टेकेनात, भिंतीला धरून ओकला. बराच वेळ तसाच. मग बोलला, "पैलं नासक्या अंड्यावानी वास आला. मग वासच गेला. मला वाटलं, साफ झालं."

नागेश म्हणाला, रिकाम्या पोटी उतरला असेल. लिंबूपाणी पाजलं. दवाखान्यात चला म्हटलं तर सिद्राम नको म्हणाला. घरी सोडलं, गाडीतनं.

संध्याकाळी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "वास गेला म्हणाला? नक्की?"

"हो."

"त्या वायूनं नाक बधिर होतं. हायड्रोजन सल्फाइड. आणखी थोडा असता तर माणूस वर आला नसता."

"पण झीरो होता, सर. मी परत बघितला."

"तुझं यंत्र एकाच रंगावर लावलेलं आहे. मिथेनच्या. बाकी आत काहीही असो, ते झीरोच दाखवणार. आत ऑक्सिजन नसला तरी झीरो."

हे मला माहीत होतं. ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अक्कांच्या सिलिंडरला मीच तर म्हणाले होते, याला तो गॅस दिसत नाही. आणि त्या पहिल्या दिवशी, दुपारी आकडा गेला म्हणून उतरू दिलं, तेव्हाही खाली काय होतं कुणाला ठाऊक.

अंगठा वर केला मी. कुणी सांगितलं होतं?

जेवले नाही.

१८ फेब्रु., बुध.

सकाळीच मुकादमाकडं. सगळं समजावून सांगितलं. याला मिथेन दिसला तर आहे हे नक्की. नाही दिसला म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही. आत मीटर सोडून बघावं लागतं, आणि खरं म्हणजे माणूस सोडायचाच नाही, मशीनची गाडी बोलवायची.

नागेश ऐकत होता. वाईट माणूस नाही. त्याचा स्वतःचा थोरला भाऊ याच कामात गेला, हे आज कळलं. त्यानंच सांगितलं, दुसरीकडं बघत.

"आदी तर काडी पेटवून बघायचो ताई. न्हायतर वासावर. त्यापरीस तुमची लाइट बरी की."

"बरी नाही. तिच्या भरवशावर तुम्ही उतरवता."

"गाडी मागितली तर आट-आट दिस येत न्हाय. लोकांच्या घरात घाण शिरती. शिव्या कुनाला? मला."

सिद्राम कट्ट्यावर बसला होता. चेहरा अजून उतरलेला. त्याला म्हटलं, मी येणं बंद केलं तर? तो म्हणाला, "तुमी न्हाय आला तरी उतरायचंच हाय ताई."



गेले तर माझा झीरो म्हणजे परवानगी. नाही गेले तर जिथं मिथेन दिसला असता तिथंही ते आंधळ्यासारखे उतरणार. दिवसभर लाइन चालले, एक आकडा धड लिहिला नाही. इरफानभाईनं विचारलं, "क्या हुआ मॅडम, तबियत?" म्हटलं, हौ, तब्येतच.

२१ फेब्रु., शनि.

जात नाही. मुकादमाचे फोन घेत नाही. हा काही मार्ग नव्हे, कळतंय.

इरफानभाईचे रोजे सुरू झालेत. उन्हात पाण्याचा घोट नाही, तरी मला दर थोड्या वेळानं पाणी प्या म्हणतो. मला त्याच्यासमोर प्यायला लाज वाटते. तर रागावला. "आप पीयो, मेरे पे गुनाह नक्को चढाओ." माझ्या तहानेचं पाप त्याच्या माथी कसं ते कळलं नाही, पण हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

२३ फेब्रु., सोम.

महादेवी आली. स्वतः. पत्ता विचारत विचारत. हातात ज्वारीच्या हुरड्याची पिशवी. किडकिडीत, कपाळाला मोठं कुंकू, चप्पल दाराबाहेर काढून उभी. अक्कांच्या ओट्यावर बसलो. आत दोन्ही माग चालू, त्यामुळं एकेक वाक्य मोठ्यानं.

"तुमच्यामुळं झोप लागती मला ताई. रोज सकाळी तुमी लाइट मारून बगता, मगच ह्ये उतरत्यात."

"रोज?"

"व्हय की. मुकादम सांगतो त्यांस्नी, ताई येऊन बघून गेल्या, उतरा."

मी तिकडं फिरकलेच नाही इतके दिवस.

माझ्या नावानं. मी नसतानाही.

सांगावं की नको, असा विचार मनात आला. एक क्षण आला. मग सगळं सांगितलं. मी जात नाही ते. लेसरला तो दुसरा वायू दिसत नाही ते. त्या दिवशी ते ओकले, तेव्हा झीरो मीच सांगितला होता, ते. माग खडाखडा वाजत होते म्हणून ओरडून सांगितलं. असली गोष्ट, आणि ती ओरडून.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग ह्ये कुनाच्या भरवशावर उतरत्यात?"



उठली. स्वतःशीच काहीतरी कानडीत बोलली. चप्पल घालताना म्हणाली, "न्हाय सांगितलं असतं तर झोप तरी ऱ्हायली असती." दोन पावलं गेली, मागं वळली. "न्हाय न्हाय. बरं केलं सांगितलं."

हुरडा अजून तसाच आहे. अक्कांनी विचारलं, रडतेस का? नाही म्हटलं.

२४ फेब्रु., मंगळ.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि बसायला सांगायच्या आधीच बोलायला लागले. आपल्याकडं चार वायूंचं मीटर आहे, आपली माणसं खड्ड्यात उतरतात तेव्हा वापरतात ते. एक दिवस द्या.

साहेब : "आपलं मीटर तिथं असताना काही झालं तर? कंपनीचं नाव येईल."

मी : "आपला लेसर तिथं आहेच, सर. मी नसतानासुद्धा आहे. माझ्या नावानं माणसं उतरवतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वर लेखी कळवतो मी. त्या कामाचे जे कोणी अधिकारी असतील त्यांनाही. आणि शनिवारी मी येतो. मीटर माझ्या नावावर घेऊ."

मला वाटलं होतं, हाकलतील.

२८ फेब्रु., शनि.

मुकादमाला मीच फोन करून सांगितलं होतं, एकदा बघा, मग मी पुन्हा काही बोलणार नाही. बाजारामागचंच चेंबर. सिद्राम, बाकीची माणसं, नागेश. महादेवीही आली होती, लांब एका हातगाडीपाशी उभी. आणि साहेब, इस्त्रीच्या शर्टात, नाकाला रुमाल लावायचा नाही असं ठरवून आलेले. दिसत होतं ते.

आधी लेसर. रस्त्याच्या पलीकडनं, नेहमीच्या जागेवरनं. नागेशच्या हातात यंत्र दिलं, म्हटलं तुम्हीच वाचा. "झीरो," तो म्हणाला. मोठ्यानं.

मग मीटर दोराला बांधून सोडलं. सिद्राम ज्या दोरानं उतरतो त्याच दोराला. साहेबांनी मुद्दाम तोच मागितला. थोडं खाली गेलं, काही नाही. आणखी खाली. आणि ते किंचाळायला लागलं. लाल दिवा आतल्या भिंतीवर उघडझाप करत होता. थांबेचना. दुकानातनं लोक बाहेर आले. वर ओढलं तरी कानात वाजतच होतं.

सिद्राम खाली वाकून बघत होता, त्या काळोखात. मग त्यानं दोर अडकवायचा कमरेचा पट्टा सोडला आणि नागेशच्या पायाशी ठेवला. टाकला नाही, ठेवला.

नागेश म्हणाला, "भाऊ माझा असाच..." आणि थांबला. मग फोन काढून ठेकेदाराशी बोलला. बाजूला जाऊन, पण आवाज चढलेला ऐकू येत होता. गाडी आली. दुपार टळून गेल्यावर, पण आली. मोठा पाइप आत सोडून गाळ ओढला. सगळे बघत उभे होते.

साहेबांना जाताना म्हटलं, थँक्यू सर. ते म्हणाले, "ते नंतर. सोमवारी तुझ्या लाइनचे राहिलेले आकडे दे."

इरफानभाईचा रोजा सुटला तेव्हा त्यानं मला खजूर दिला. गोड होता फार.

५ मार्च, गुरु.

वाटलं होतं तसं सरळ नाही.

नागेशला ठेकेदारानं दुसऱ्या कामावर टाकलं, शहराबाहेर. त्याचा फोन आला होता. "माजं काय न्हाय ताई. पर मीटर घेणार न्हाय म्हंतोय त्यो." सिद्रामला शनिवारपासून बोलावणंच नाही. बाकीच्या माणसांनाही नाही. काम मात्र चालू आहे, कुठून तरी दुसरी माणसं आणलीत. त्यांना कुणी काय सांगितलं असेल?

महादेवीकडं गेले. ती आता दुसऱ्यांची धुणीभांडी करते. रागावली असेल म्हणून घाबरत गेले. तिनं चहा केला. म्हणाली, घरात हाय माणूस, पोटाला कमी हाय. दोन्ही गोष्टी बोटांवर मोजल्यासारखं करून दाखवलं. मग, "तुमी वाईट वाटून घिऊ नगा." माझं सांत्वन तिनं करायचं, हे कुठलं.

साहेबांनी पाठवलेल्या पत्राला उत्तर नाही. परत पाठवलंय.

आपल्या लाइनवर आज एक गळती सापडली. छोटी. पथकानं लगेच दुरुस्त केली.

९ मार्च, सोम.

काल रंगपंचमी. सकाळी रस्त्याच्या कडेला हिरवं-जांभळं पाणी साचलेलं, सगळीकडं तुंबलंय. अक्कांच्या ओट्यापर्यंत आलंय.

इरफानभाई येईपर्यंत लिहिते.

सिद्रामचा फोन आला मघाशी. "ताई, बोलावलंय आज. सगळ्यांस्नीच. मुकादम नवा हाय."

"मीटर आहे?"

"न्हाय दिसत."

"गाडी?"

"येनार म्हंत्यात."

म्हटलं, येईपर्यंत उतरू नका, कुणालाच उतरू देऊ नका, मी येते. साहेबांना लावला, ते पुण्याला मीटिंगला. तरी म्हणाले, स्टोअरला सांगतो, इरफानला मीटर आणायला पाठव. आणि, "वैशाली, तू तिथं कंपनीची म्हणून नाही, नागरिक म्हणून जा." मग, "विचारलं कुणी तर कंपनीची म्हणूनही सांग. मी बघतो."

लेसर आज वर खोलीतच ठेवला. हातात दिसला की कुणीतरी म्हणणारच, मारा की लाइट.

नवी माणसंही असतील तिथं. तरणी असतील. त्यांनी ते मीटर किंचाळताना ऐकलेलं नाही.

परत सिद्रामचाच फोन. मागं गलका. गाडी आलेली नाही. नव्या मुकादमानं एका पोऱ्याच्या कमरेला दोर बांधायला घेतला होता.

"मग?"

"मी झाकनावर बसलोय ताई. उटवाय लागल्यात मला. या लवकर."